केबलवाल्याचा लॉस, पुलाचं रीडिंग

मागच्या पावसाळ्यात ऐरोलीतल्या आमच्या घरचं इंटरनेट दोन दिवस बंद होतं. राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा लुकलुकत होता. कस्टमर केअरची धून पाठ झाल्यावर तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. त्याने भिंतीतून येणारी बारीक वायर काढून हातातल्या मीटरला लावली आणि म्हणाला, "काका, पॉवर मायनस एकतीस येतेय. कुठेतरी वाकलीय." मग सॅकमधून दुसरं, जरा मोठं यंत्र काढलं, पडद्यावरची उतरती रेघ पाहिली आणि सांगितलं, "इथून १८० मीटरवर लॉस आहे. बाजूच्या विंगची गच्ची असणार."

गच्चीवर गेलो तर खरंच, कुणीतरी कुंड्या हलवताना वायर पाइपाच्या कडेवर दुमडून तिच्यावर जास्वंदीची कुंडी ठेवली होती. कुंडी उचलली, वायर सरळ केली, खाली आलो तर हिरवा दिवा.

मुलगा सही घेऊन निघून गेला, पण माझ्या डोक्यातून ती कुंडी जाईना. मी तीस वर्षं रबाळे-महापेच्या पट्ट्यात केमिकल कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. तापमान, दाब, पातळी मोजायची आणि ते आकडे कंट्रोल रूमपर्यंत पोचवायचे, एवढंच आमचं आयुष्य. आमच्याकडे मोजणारा वेगळा आणि निरोप्या वेगळा. भट्टीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बसवायचा, त्याच्यापासून वायर ओढायची, ती वायर फक्त निरोप आणायची. इथे मात्र वायरला कुठेही सेन्सर जोडलेला नव्हता, तरी वायरीने सांगितलं की माझ्यावर काहीतरी दाबलं गेलंय, आणि अमुक मीटरवर दाबलं गेलंय. त्या मुलाच्या लेखी तो लॉस होता. माझ्या लेखी ते रीडिंग होतं.

फायबर ऑप्टिक सेन्सर या भारदस्त नावामागे एवढीच गोष्ट आहे. इंटरनेटवाल्यांना नको असलेली प्रत्येक खोड, म्हणजे वाकलं की प्रकाश गळणं, तापलं की बदलणं, ताणलं की बदलणं, हलवलं की थरथरणं, मोजमाप करणाऱ्यांनी उचलून कामाला लावली.

आधी ती वायर आतून कशी असते ते पाहू. प्लास्टिकचं वेष्टन सोलत गेलं की शेवटी काचेचा एक तंतू हाती लागतो. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जेमतेम दुप्पट. यातही प्रकाश चालतो तो मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्याची काच आणि भोवतालची काच जवळजवळ सारखीच असते, फक्त गाभ्याचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते तो आकडा, अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने जास्त ठेवलेला असतो. तेवढ्या फरकामुळे तिरका गेलेला प्रकाश कडेवर आपटून पुन्हा आत वळतो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. १९५०च्या दशकात अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते आणि 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही त्यांनीच रूढ केलं. पुढे १९६६मध्ये चार्ल्स काव यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर जाऊ शकेल असं मांडलं. त्यांना त्याचं नोबेल मिळालं २००९ साली.

तंतू जास्त वाकवला की प्रकाश कडेवर हव्या त्या कोनात आपटत नाही आणि बाहेर निसटतो. म्हणून कुंडीखाली लॉस. यातली एक गंमत जुने केबलवाले जाणून असतात. तीच वायर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाने तपासायची आणि मग १५५० नॅनोमीटरच्या. दोन्हींत सारखाच लॉस दिसला तर जॉइंट वाईट मारलाय. १५५०ला बराच जास्त दिसला तर वायर दुमडलीय, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश गाभ्याबाहेर जास्त पसरलेला असतो आणि वळणावर आधी सांडतो. एका टोकाला बसून दुखणं कुठलं आहे हेही ओळखता येतं.

आता १८० मीटर हा आकडा कुठून आला? पारसिकच्या डोंगरासमोर उभं राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजलं तर अंतर काढता येतं, तसाच हा प्रकार. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे १ मीटर जाऊन परत यायला १० नॅनोसेकंद. १८० मीटरला १.८ मायक्रोसेकंद. यंत्र प्रकाशाचा एक छोटा झटका आत सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडाकडे घड्याळ लावून बसतं.

पण डोंगर समोर नसेल तर प्रतिध्वनी कशाचा? काच आपल्याला कितीही स्वच्छ दिसली तरी आत अगदी सूक्ष्म पातळीवर ती असमान असते. वितळलेली काच थंड होताना तिच्यातला गोंधळ जिथल्या तिथे गोठून राहतो. त्या असमानतेवर प्रकाश किंचित विखुरतो. आकाश निळं दिसतं तेही याच जातीच्या, रॅले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विखुरण्याने. त्यातला एक अत्यल्प अंश मागे फिरतो. झटका मीटरभर लांबीचा असेल तर परत येणारा उजेड कोटीत एखादा भाग. पण तो प्रत्येक मीटरवरून येतो. म्हणजे १० किलोमीटरच्या तंतूतून १० हजार ठिकाणांहून कुजबुज येत असते आणि कोणती कुजबुज कुठली ते वेळेवरून कळतं. खांबाखांबावर सेन्सर बसवण्याऐवजी एक अखंड तार अंथरायची आणि तिलाच सगळीकडे सेन्सर म्हणायचं, ही कल्पना इथून निघते.

रामन यांचा बोगदा

मागे फिरणारा उजेड बहुतेक गेला त्याच रंगाचा असतो. थोडासा मात्र रंग बदलून येतो, आणि इथे आपल्या ओळखीचं नाव येतं. सी. व्ही. रामन यांनी आपला शोध लावला तो दिवस २८ फेब्रुवारी १९२८. आपण तो दिवस विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, शाळेत भाषणं होतात, पण रामन परिणामाचा कारखान्यात काय उपयोग हे माझ्या शाळेत तरी कुणी सांगितलं नव्हतं.

काचेतले अणू सतत थरथरत असतात. प्रकाशकण त्यांना धडकताना कधी आपली थोडी ऊर्जा देऊन बसतो, मग तो लांब तरंगलांबीचा होऊन परततो. कधी उलट होतं: आधीच थरथरणाऱ्या अणूंकडून तो ऊर्जा उचलतो आणि आखूड तरंगलांबीचा होऊन येतो. उसनी ऊर्जा मिळायची तर देणाऱ्याकडे असायला हवी. काच जितकी गरम, तितके थरथरणारे जास्त, तितका हा दुसऱ्या प्रकारचा उजेड जास्त. नेहमीच्या तापमानाला दर अंशामागे तो साधारण ०.८ टक्क्याने वाढतो. पहिल्या प्रकारावर तापमानाचा परिणाम नगण्य असतो. दोघांचं गुणोत्तर काढलं की वायर कुठे वाकलीय, जॉइंट कसा आहे या बाकीच्या भानगडी बऱ्याचशा कटतात आणि उरतं तापमान.

अडचण एकच. हा उजेड रॅलेच्या त्या कुजबुजीपेक्षाही साधारण हजारपट क्षीण. म्हणून हजारो झटके सोडून सरासरी काढावी लागते आणि एक रीडिंग यायला काही सेकंद ते काही मिनिटं लागतात. कुणी म्हणेल, एवढा वेळ? पण आग लागताना तापमान कुठे, किती वेगाने चढतंय हे काही सेकंदांत मीटरभराच्या अचूकतेने कळलं तर ते पुरेसं असतं.

बोगद्याचं उदाहरण आपल्याकडे समोरच आहे. पारसिकचा रेल्वे बोगदा १९१६चा, सव्वा किलोमीटरच्या थोडा पुढे. आणि आता बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. एवढ्या लांबीत नेहमीचे धूर ओळखणारे सेन्सर लावायचे ठरवले तर डिझेलचा धूर, धूळ, ओल यांनी ते बिचारे रोज खोटं रडतात. छताला एक तंतू बांधला तर त्याला धुराशी देणंघेणं नसतं. तो सांगतो की ४,३१२व्या मीटरवर छत तापतंय आणि गरम पट्टा अमुक दिशेला सरकतोय. पंखे कुठल्या बाजूला फिरवायचे आणि माणसं कुठल्या बाजूने काढायची हे ठरवायला दुसरी बातमी पहिलीइतकीच लागते. जगभर रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या बोगद्यांत ही तार वापरात आहे. जमिनीखालच्या उच्चदाब वीजकेबलींनाही ती चिकटवून टाकतात, म्हणजे केबल कुठे जास्त तापते ते दिसतं आणि तिच्यातून किती भार नेता येईल याचा अंदाज बांधता येतो.

हत्तीचं पाऊल

रॅलेच्या कुजबुजीकडे परत येऊ, कारण तिच्यात अजून एक खजिना आहे. लेझरचा प्रकाश एका लयीत चालतो. तंतूच्या एखाद्या दहा मीटरच्या तुकड्यातल्या असंख्य असमान बिंदूंवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून एक ठरावीक नक्षी तयार होते. तंतू शांत असेल तर प्रत्येक झटक्याला तीच नक्षी. जवळून कुणी चाललं, जमीन थरथरली, तंतूचा तो तुकडा नॅनोमीटरांच्या हिशेबात ताणला गेला, की नक्षी सरकते. सेकंदाला हजार वेळा हे पाहत राहिलं की तंतू हजारो मायक्रोफोनांची रांग बनतो.

किती वेळा पाहता येईल याला मर्यादा आहे आणि ती समजून घ्यायला आपल्या गावाचाच इतिहास घेऊ. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, अंतर ३४ किलोमीटर. त्याच अंतराचा तंतू टाकला तर प्रकाश ठाण्याला पोचून परत बोरीबंदरला यायला ३४० मायक्रोसेकंद घेईल. पहिला झटका पूर्ण परतायच्या आत दुसरा सोडला तर कुर्ल्याचा प्रतिध्वनी आणि ठाण्याकडचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळणार. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २,९०० झटके. आणि थरथर नीट पकडायची तर तिच्या प्रत्येक हेलकाव्यामागे निदान दोन झटके हवेत, म्हणून सेकंदाला साधारण १,४५० हेलकाव्यांपर्यंतच. तार जितकी लांब तितका कान जाड. फुकट काहीच मिळत नाही.

तेलवाहिन्यांच्या शेजारी अशी तार टाकली की कुणी कुदळ मारली, जेसीबी आणला, वाहिनीला छिद्र पाडायला सुरुवात केली, की कंट्रोल रूममध्ये किलोमीटरसकट खूण उमटते. आपल्या देशात मला सर्वांत आवडलेला उपयोग मात्र ईशान्य सीमा रेल्वेचा. तिथे जंगलातून जाणाऱ्या रुळांवर गाडीखाली हत्ती सापडतात. रुळांच्या कडेने पुरलेल्या तंतूतून हत्तीच्या पावलांची थरथर ओळखून चालकाला आणि स्टेशनला इशारा द्यायची यंत्रणा तिथे बसवली आहे. नाव 'गजराज'. हत्तीचं पाऊल, माणसाचं पाऊल आणि मालगाडीची धडधड यांत फरक करणं हे खरं कष्टाचं काम, आणि ते तंतू करत नाही, मागे बसलेला संगणक करतो. घोडबंदर रोडखाली अशी तार ऐकायला बसलात तर पहिले कित्येक आठवडे तुम्हाला फक्त कंटेनर ऐकू येतील.

रॅले आणि रामन यांच्या विखुरण्याच्या घराण्यातला तिसरा भाऊ ब्रिलुआँ. त्याचं गणित थोडक्यात उरकतो. काचेत स्वतःच्या उष्णतेने सूक्ष्म ध्वनिलहरी फिरत असतात, त्यांच्यावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता साधारण ११ गिगाहर्ट्झने सरकते, आणि किती सरकते हे तापमान आणि ताण या दोन्हींवर अवलंबून असतं. म्हणजे लांबच लांब तारेवर कुठे ओढ बसतेय ते कळतं. नवी मुंबईसारख्या खाडीच्या चिखलावर भराव घालून उभ्या राहिलेल्या जागेत जमीन वर्षानुवर्षं बसत राहते. भरावाखाली अंथरायच्या कापडात असे तंतू घालून ठेवले तर जमीन कुठे जास्त बसतेय ते रस्त्याला खड्डा पडण्याआधी दिसू शकतं.

तंतूवर कोरलेली फणी

आतापर्यंतची सगळी तार साधी, बाजारात मिळते तशी. पण पुलासारख्या ठिकाणी सगळीकडचं थोडंथोडं नको असतं. ठरावीक दहा-वीस जागांचं अगदी नेमकं, झटपट रीडिंग हवं असतं. त्यासाठी तंतूतच खुणा कोरतात.

याचा शोध अपघाताने लागला. १९७८मध्ये कॅनडात केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या काचेच्या तंतूत लेझर सोडून प्रयोग करत होते. त्यांना दिसलं की पलीकडे जाणारा प्रकाश हळूहळू कमी होतोय आणि परत येणारा वाढतोय. तंतू तर तुटला नव्हता. झालं होतं असं की टोकावरून परतलेला प्रकाश आणि येणारा प्रकाश मिळून आत उजेड-अंधाराचे बारीक पट्टे पडले होते, आणि जिथे उजेड होता तिथल्या काचेचा अपवर्तनांक कायमचा किंचित बदलला होता. प्रकाशाने स्वतःच स्वतःसाठी आरसा कोरला होता. १९८९मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बाजूने अतिनील किरण पाडून हे पट्टे हव्या त्या अंतरावर कोरून दाखवले आणि मग हा उद्योग मार्गी लागला.

या पट्ट्यांना ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून अणूंच्या थरांमधलं अंतर काढलं होतं, त्याबद्दल १९१५चं नोबेल दोघांना मिळालं, तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. नियम तोच. एका पट्ट्यावरून नगण्य प्रकाश परततो, पण सेंटिमीटरभर लांबीत असे सुमारे १८,७०० पट्टे असतात. ज्या तरंगलांबीच्या लहरी सगळ्या पट्ट्यांवरून पावलाला पाऊल जुळवून परततात तेवढाच रंग मागे येतो, बाकीचा पुढे निघून जातो. पट्ट्यांमधलं अंतर ०.५३५ मायक्रॉन ठेवलं तर परतणारा रंग १५५० नॅनोमीटरच्या आसपास. लेझीम खेळणारी रांग डोळ्यांसमोर आणा. अंतर आणि ठेका जुळला तर एकच दणका, नाहीतर नुसता खडखडाट.

आता तो तंतू ताणला. पट्टे एकमेकांपासून लांब गेले, परतणारा रंग सरकला. किती? इथे एक एकक लागेल, मायक्रोस्ट्रेन. लांबीच्या दहा लाखाव्या भागाएवढा ताण. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटरची तार ३४ मिलिमीटरने, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी ताणली, तर १ मायक्रोस्ट्रेन. एवढ्याने परतणारा रंग सुमारे १.२ पिकोमीटर सरकतो. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग, आणि चांगलं यंत्र १ पिकोमीटरचा फरक ओळखतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हिशेब दोनदा केला.

एका तंतूवर वेगवेगळ्या अंतराच्या पट्ट्यांची ग्रेटिंग कोरली तर प्रत्येकीचा रंग वेगळा परततो. मग एकाच तारेवर वीस ठिकाणं सहज बसतात आणि कोणतं रीडिंग कुठलं हे रंगावरून ओळखता येतं. आमच्या काळी वीस स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारे विजेवरचे सेन्सर, लावायचे म्हणजे केबलींचं जुडगं, जंक्शन बॉक्स, टर्मिनलांवरचे नंबर फेरूल आणि त्यातला एखादा हमखास उलटा लागलेला.

आता वाशीच्या खाडीवर चला. पहिला रस्त्याचा पूल १९७३चा. तो काँक्रीटच्या आत ताणून ठेवलेल्या पोलादी तारांच्या जोरावर उभा होता. खाऱ्या हवेने त्या तारा गंजू लागल्या, डागडुजी चालू राहिली आणि १९९७मध्ये शेजारी दुसरा पूल आला. आता तिसराही झाला. आतली तार गंजतेय हे वरून गाडी चालवणाऱ्याला कसं दिसणार? असा पूल बांधताना गर्डरच्या पोटात ग्रेटिंग असलेले तंतू ठेवले असते तर? गंज थेट दिसला नसताच. तंतूला रसायनशास्त्र कळत नाही. पण तारांचा ताण सुटत गेला की काँक्रीटवरचा दाब कमी होतो, आणि तो बदल वर्षानुवर्षांच्या आकड्यांत उतरतो.

आकडे वाचणं मात्र सोपं नाही. समजा ५० मीटरचा गाळा आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत काँक्रीट १० अंशांनी तापलं तर ते सुमारे ५ मिलिमीटर वाढतं, म्हणजे १०० मायक्रोस्ट्रेन. त्याचे १२० पिकोमीटर. शिवाय ग्रेटिंगची काच स्वतः तापल्यामुळे दर अंशाला साधारण १० पिकोमीटर वेगळे, म्हणजे आणखी १००. आणि वरून भरलेला ट्रक गेला त्याने समजा ३० मायक्रोस्ट्रेन ताण दिला, तर त्याचे अवघे ३६. म्हणजे ट्रकपेक्षा ऊन सहापट मोठं बोलतं! म्हणून शेजारी एक ग्रेटिंग सैल नळीत ठेवतात. तिला पुलाचा ताण पोचत नाही, फक्त तापमान पोचतं. दोघींची वजाबाकी करून काचेवरचा उन्हाचा हिस्सा काढायचा, आणि पुलाच्या स्वतःच्या फुगण्याचा हिस्सा तापमानाच्या नोंदीवरून. ट्रकचा झटका सेकंदात येतो-जातो, ऊन तासांनी चढतं, त्यामुळे वेळेवरूनही दोघे वेगळे करता येतात.

यात सर्वांत महाग चूक म्हणजे पूल जुना झाल्यावर तंतू लावणं. लावा, पण तंतू फक्त लावल्या दिवसापासूनचा बदल सांगतो. त्याआधीच्या चाळीस वर्षांत काय सुटलं ते त्याला माहीत नसतं. म्हणून नव्या पुलावर पहिला ट्रक जाण्याआधीची, रात्रीच्या थंड वेळची नोंद सोन्याची.

विजेचा संबंध नाही म्हणून

मला विचाराल तर कारखानदाराने या तंतूवर खरा जीव टाकावा तो दुसऱ्याच कारणासाठी. त्यात वीज नाही. आमच्या प्लँटमध्ये मोठी मोटर सुरू झाली की शेजारून गेलेल्या थर्मोकपलचं रीडिंग नाचायचं, शिफ्ट इंचार्ज फोन करायचा, आम्ही शील्डचं अर्थिंग शोधत फिरायचो. सॉल्व्हंटच्या टाकीजवळ ठिणगी पडू नये म्हणून प्रत्येक डबा फ्लेमप्रूफ, दोन किलोचा. काचेच्या तंतूला मोटरचं चुंबकत्व कळत नाही आणि त्यातून ठिणगी पडत नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की अति तीव्र लेझरनेही धूळ पेटू शकते, म्हणून तिथे प्रकाशाची पॉवर मर्यादेत ठेवतात.

याचं टोकाचं उदाहरण कळव्यासारख्या ४०० केव्हीच्या उपकेंद्रात दिसणाऱ्या अजस्र ट्रान्सफॉर्मरमध्ये सापडतं. आतल्या वाइंडिंगचा, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा, सर्वांत तापलेला बिंदू किती गरम आहे हे कळायला हवं, कारण तांब्याभोवतीच्या कागदाचं आयुष्य त्यावर ठरतं. ठोकताळा असा की तापमान ६ अंशांनी वाढलं की कागदाचं आयुष्य साधारण निम्मं. पण तिथे हजारो व्होल्ट आहेत, तांब्याची वायर आत नेणार कोण? पूर्वी वरच्या तेलाचं तापमान मोजून आत किती असेल याचा अंदाज बांधायचे. आता तंतूच्या टोकाला गॅलियम आर्सेनाइडचा मिठाच्या कणाएवढा स्फटिक बसवून तो थेट वाइंडिंगच्या पोटात ठेवतात. तापमान वाढलं की तो स्फटिक शोषत असलेल्या प्रकाशाची सीमा लांब तरंगलांबीकडे सरकते. ती सीमा वाचली की तापमान मिळालं.

एवढं चांगलं आहे तर सगळीकडे का नाही? तार स्वस्त आहे, तिच्या टोकाला बसणारा डबा महाग आहे, म्हणून. हजारो ठिकाणं मोजायची असतील तर तो परवडतो, चार टाक्या मोजायला नाही. तिथे पीटी-१००, म्हणजे तापमान मोजणारा साधा विजेवरचा सेन्सरच बरा, तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि कोणताही फिटर बदलतो. तंतूचा जॉइंट मारायला मशीन लागतं, हात स्थिर लागतो, आणि टोकावर बसलेला धुळीचा एक कण सगळा हिशेब बिघडवतो. उंदीर वायर कुरतडतात, त्यांना ती काचेची आहे हे दाताखाली आल्यावरच कळतं. आणि डिंक! ग्रेटिंग पोलादावर चिकटवताना गोंद मऊ पडला, नीट वाळला नाही, उन्हात सरकला, तर पोलाद ताणलं जातं आणि तंतू आरामात झोपून राहतो. कागदावर पिकोमीटर मोजणारं यंत्र असतं, आणि त्याची अचूकता फुटपाथवर बसून गोंद लावणाऱ्या माणसाच्या बोटावर ठरते. या माणसाची मजुरी निविदेत सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी लिहिलेली असते, हे मी बऱ्याच निविदा वाचून सांगतोय.

घरी करून पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. घरात फायबरचं कनेक्शन असेल तर बऱ्याच मोडेमच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' म्हणून एक आकडा दिसतो, मायनस वीसच्या आसपास. भिंतीपासून मोडेमपर्यंतची बारीक, मोकळी पॅच कॉर्ड असते, तिला पेन्सिलीभोवती सैलसा एक वेढा द्या, ओढू नका, आणि पान रिफ्रेश करा. आकडा घसरलेला दिसेल. कॉर्ड वाकवली तरी फारशी न गळणारी, नव्या जातीची असेल तर थोडाच घसरेल. वेढा सोडा, आकडा परत जागेवर. कॉर्ड सॉकेटमधून मात्र काढू नका, आणि काढलीच तर तिच्या टोकात डोळा घालू नका. आतला प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

मी हा प्रयोग केला तेव्हा सूनबाईंची ऑफिसची मीटिंग चालू होती.